लेखकाच्या जागी

शाळेत भूगोल शिकवण्यात बावीस वर्षं गेली, तेव्हा कुठे मी पीएच.डी.चं मनावर घेतलं. घरात त्यावरून थट्टा चालायची. "आईचा अभ्यास चाललाय, टीव्ही हळू करा," असं लेक मोठ्यानं ओरडून सांगायची. माझा विषय होता आमच्या शहराचं पाणी. कुठल्या वस्तीला कधी येतं, किती वेळ टिकतं, आणि असं का.

ह्या 'का'चं उत्तर कुणाकडेच धड नव्हतं. नगरपालिकेत गेलं की या टेबलावरून त्या टेबलावर. शेवटी सार्वजनिक वाचनालयात बत्तीस पानांची एक झेरॉक्स हाती लागली. पुठ्ठा नाही, सुरुवातीची पानं नाहीत. प्रत्येक पानाच्या डोक्यावर 'शहराचे पाणी' एवढंच छापलेलं. पण आत काय नव्हतं! कुठली लाइन कुठून वळते, कुठल्या गल्लीला चढ आहे, कोणत्या व्हॉल्व्हला किती फेरे द्यावे लागतात, आधी कोणता उघडला तर कुणाचे नळ कोरडे पडतात. माझं चौथं प्रकरण त्या झेरॉक्सवर उभं राहिलं.

"लेखकाचं नाव नाही?" माझ्या मार्गदर्शक बाईंनी विचारलं. "मग लेखकाच्या जागी शीर्षक घाला. साल नसेल तर 'तारीख नाही' म्हणा. पण आधी शोधा हं. नाव नसणं वेगळं आणि आपल्याला माहीत नसणं वेगळं."

मी ग्रंथपाल बाईंना मूळ प्रत शोधायला सांगितलं आणि तोवर नियमाप्रमाणे नोंदी करून टाकल्या. सदतीस ठिकाणी 'शहराचे पाणी, तारीख नाही'.

प्रबंध जमा करायला सहा आठवडे उरले होते तेव्हा ग्रंथपाल बाईंचा फोन आला. मूळ प्रत माळ्यावरच्या गठ्ठ्यात सापडली होती. मी शाळा सुटल्यावर तशीच गेले. पिवळा पुठ्ठा, आतल्या पानावर नाव, आडनाव, साल, आणि नावाखाली बारीक अक्षरात 'चावीवाला, जुनी टाकी'. म्हणजे रोज लोखंडी चावीनं व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडणारा माणूस.

खरं तर मी उडीच मारायला हवी होती. पण मला चक्क वैताग आला. आधी वाटलं, आता सदतीस ठिकाणी बदलायचं. पण ते काम कॉम्प्युटर दोन मिनिटांत करतो, हे मला ठाऊक होतं. खरी गोष्ट वेगळीच होती. चौथ्या प्रकरणात मी लिहिलं होतं, 'उपलब्ध दस्तऐवजानुसार'. नाव नव्हतं तोवर ते कुठल्या तरी खात्याचं, इंजिनिअरांचं काम वाटत होतं. नाव घातलं की माझं सगळं प्रकरण एका चावीवाल्याच्या पुस्तिकेवर येऊन बसणार होतं.

"मिळालं ना नाव?" ग्रंथपाल बाईंनी विचारलं. "आहेत हो ते अजून. इथे पेपर वाचायला येतात. चावीवाले काका म्हणतात सगळे. गाठ घालून देऊ?"

"हो, भेटायलाच हवं एकदा," मी म्हणाले, आणि पुस्तक परत दिलं.

मी भेटले नाही. प्रबंध होता तसा जमा केला.

व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, खुली असते. कुणीही येऊन बसावं. पहिल्या रांगेत आमचे हे, लेक, शाळेतल्या दोन बाई. शेवटच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घातलेले एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांच्या शेजारी एक तरुण बाई. मला वाटलं, आणखी कुणाचे तरी नातेवाईक असतील.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चौथं प्रकरण उघडलं. "हे उत्तम झालंय. हा दस्तऐवज कोणी तयार केलाय? पाणीपुरवठा खात्यानं?"

मी म्हणाले, "सर, त्यावर लेखकाचं नाव नाही. नियमाप्रमाणे शीर्षकानं नोंद केलीय."

शेवटच्या रांगेतली बाई अर्धवट उठली. म्हाताऱ्यांनी तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं.

"श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?" परीक्षकांनी विचारलं.

ते गृहस्थ उभे राहिले. "विचारायचं नाही, सांगायचंय. वरच्या वस्तीचा व्हॉल्व्ह अठरा फेऱ्यांचा आहे असं बाई म्हणाल्या. तो सोळाचा. अठरा दिले तर चावी अडकते. पुस्तकात चुकीचं छापलंय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"एकतीस वर्षं फिरवलाय, साहेब."

सगळे कौतुकानं हसले. परीक्षकांनीही हसून मान डोलावली. मला त्या क्षणी कळलं हे कोण. तेव्हाही बोलता आलं असतं. 'सर, लेखक इथेच आहेत', चार शब्द. मी म्हणाले, "धन्यवाद काका, दुरुस्त करते."

नंतर बाहेर चहा होता. जो तो माझा हात हातात घेत होता. तेवढ्यात ती बाई समोर आली. "मी त्यांची सून. सासऱ्यांनी मुद्दाम जाडा चष्मा आणला होता. म्हणत होते, मोठ्या पुस्तकात आपलं नाव कसं दिसतं ते बघू. वाचनालयातल्या बाई तर म्हणाल्या होत्या की तुम्हाला नावाचं पान..."

"अगं, असू दे," काका मागून म्हणाले. "पुठ्ठा फाटलेला. बाईंना नाव मिळणार कुठून?" मग माझ्याकडे बघून, "हो ना?"

आणि मी मान हलवली. आजवर काय काय चुकीचं केलं असेल, पण ती हललेली मान मला सगळ्यात जास्त टोचते.

शाळेच्या फळ्यावर माझं अभिनंदन लागलं. येताजाता ते दिसायचं आणि मी दुसरीकडे बघायचे. आठवड्यानं ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला सांगून काय होणार?"

मी मार्गदर्शक बाईंकडे गेले. त्यांनी एकच विचारलं, "नाव कधी कळलं?"

'व्हायवानंतर' हा शब्द अगदी ओठावर आला होता. "जमा करायच्या आधी. सहा आठवडे."

"मग नियमात नाही चुकलात तुम्ही," त्या म्हणाल्या. "नियमामागे लपलात." त्या दिवसापासून त्या माझ्याशी कामापुरतं बोलतात.

दुरुस्तीसाठी विद्यापीठाला अर्ज द्यायचा होता. तिथल्या कारकुनानं भल्या मनानं सुचवलं, "कारण 'अनवधानाने' लिहा, मॅडम. सगळे तेच लिहितात." मी तेच लिहिलं होतं. मग ते खोडून लिहिलं, 'नाव माहीत असूनही दिले नाही.' समज देणारं पत्र आलं, पदवी पाच महिने लांबली, आणि प्रबंधाच्या पहिल्या पानावर शुद्धिपत्राची पट्टी चिकटवायची परवानगी मिळाली. त्यांचं नाव, साल, पुस्तिकेचं नाव, आणि खाली माझं ते वाक्य. सदतीस नोंदी मी प्रत्येक प्रतीत हातानं दुरुस्त केल्या.

पट्टीची एक प्रत घेऊन मी काकांच्या घरी गेले. दार सुनेनं उघडलं. ती 'या' म्हणाली नाही, नुसती बाजूला झाली. काकांनी जाडा चष्मा लावला. आधी स्वतःचं नाव वाचलं आणि चेहरा उजळला. मग खालची ओळ वाचली. परत वाचली.

"माहीत असूनही," ते हळूच म्हणाले. "मी तर सगळ्यांना सांगितलं, पुठ्ठा फाटला होता."

"काका, माझं चुकलं."

"खाली चावीवाला लिहिलेलं नसतं, इंजिनिअर असतं, तर घातलं असतंत?"

सून भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "हो."

त्यांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. पट्टी त्यांनी माझ्यापुढे सरकवली.

"नाव छान छापलंय. पण हे तुमच्याकडेच राहू द्या, बाई. हे मला कुणाला दाखवता नाही येणार."

मी ती पर्समध्ये ठेवली आणि उठले. सून दारापर्यंत आली आणि मी बाहेर पडताच तिनं दार लावून घेतलं.