मार खाणारा मालक

एमेट वार्गाला मी किती वेळा मारून टाकलं याचा हिशेब मी ठेवला नाही. छपरावरून ढकललं, दारूच्या पिंपात बुडवलं, घोड्यामागे बांधून फरफटवलं, बॅंकेच्या पायऱ्यांवर गोळ्या घालून चाळण केली. फाइट मास्टरचा धंदाच तो. हॉलिवूडमध्ये हिरो सुंदर दिसावा म्हणून कुण्यातरी कुरूप माणसाला धुळीत लोळावं लागतं आणि आमच्याकडे त्या कामाला एमेटसारखा दुसरा नव्हता. नाक दोनदा मोडलेलं, गालावर देवीचे व्रण, जबडा खाटकाच्या ओंडक्यासारखा. लोकांना त्याचं नाव माहीत नसायचं. रस्त्यात थांबवून विचारायचे, "अरे, तू तोच ना, जो मरतो?"

"तोच," एमेट टोपी काढून म्हणायचा. "बुधवारी परत मरतोय. पोराबाळांना घेऊन या."

माझी धाकटी बहीण अर्मा त्याच्याच प्रेमात पडली. तीही आमच्यातलीच. सिनेमातल्या दारूच्या गुत्त्यात मागे ज्या बायका हसत, किंचाळत असतात, त्यांतली एक. तिने त्याला पहिल्यांदा घरी आणला तेव्हा आमच्या आईने चांदीचे चमचे उचलून ठेवले. पुढे दोघांचं लग्न झालं आणि तीच आई त्याच्या ताटात मांसाचा मोठा तुकडा वाढायची आणि मला हाडं.

आमच्या धंद्यात एक नियम आहे, माझ्या गुरूंच्याही आधीपासूनचा: मार खाणारा मालक. बघणाऱ्याला वाटतं, ठोसा मारणारा ठरवतो. साफ खोटं. ज्याला ठोसा बसायचा तो ठरवतो. तो तयार झाला की बूट आपटतो. बूट वाजला की मारणाऱ्याने हात सोडायचा, मुठीने तोंडासमोरची हवा कापायची आणि मार खाणाऱ्याने त्याच क्षणी मान झटकून कोसळायचं. आवाज नंतर भरतात. बूट वाजायच्या आत जो हात सोडतो त्याला आम्ही फाइटवाले खाटीक म्हणतो आणि त्याच्याबरोबर जेवायला बसत नाही.

एमेटला तर हा नियम श्वासासारखा लागायचा. त्याचा डावा डोळा गेलेला होता. एका मारामारीत खुर्चीचा पाय फुटून त्याची ढलपी आत घुसली. डोळा जागेवर राहिला, बघणं गेलं. डॉक्टर सोडला तर हे तिघांनाच माहीत होतं: तो, अर्मा आणि मी. एकाक्ष माणसाला मारामारीत कोण उभं करणार? आणि मारामारी काढून घेतली तर त्या चेहऱ्याने पाद्री व्हायचं होतं की काय? म्हणून मी प्रत्येक हिरोला काहीतरी थाप मारून डाव्या हाताने ठोसा मारायला लावायचो. डावा हात एमेटच्या उजव्या, म्हणजे दिसणाऱ्या बाजूने यायचा. वर्षानुवर्षं हे निभलं. डॉक्टरने त्याला बजावून ठेवलं होतं, उजवा डोळा तळहातावरच्या फोडासारखा जप. तो गेला की संपलं.

मग चॅनिंग रोअर्क आला.

टीव्ही घरोघरी घुसल्यामुळे स्टुडिओवाले तेव्हा घाबरून गेले होते. थिएटरात आता खरंखुरं रक्त दिसलं पाहिजे, असं कुणाच्या तरी डोक्यात शिरलं होतं. रोअर्क त्या लाटेतला. देखणा, तरुण आणि डोक्यात हवा. पहिल्याच दिवशी मी त्याला गुत्त्यातली मारामारी समजावली. त्याने हनुवटी वर करून ऐकलं आणि म्हणाला, "मास्तर, माझी उजवी बाजू चांगली आहे. मी उजव्या हातानेच मारणार. तसं वळलं की उजवा गाल कॅमेऱ्यात येतो."

"डाव्याने जास्त धक्का बसतो बघणाऱ्याला," मी नेहमीची थाप मारली.

"बघणारा माझा गाल बघायला येतो, तुमचा धक्का नाही."

आमचे दिग्दर्शक हलोरनसाहेब तोंडात चिरूट धरून हो म्हणाले. हिरोला नाही म्हणायला लागणारा कणा त्यांनी पहिल्या घटस्फोटातच देऊन टाकला होता.

मी एमेटला पाण्याच्या टाकीमागे नेलं. "जमणार नाही. मी जाऊन सांगतो, तुझी पाठ धरलीय."

"गप बस," तो म्हणाला. "बूट माझा आहे ना? मी बूट आपटेन, तो हात सोडेल, मी पडेन. बघायची गरजच काय? आंधळासुद्धा करेल."

"आणि नाही थांबला बुटासाठी तर?"

"तर डाव्या गालावर खाईन. तो गाल काय देवळात ठेवायचाय?"

अर्मा तिथे आली होती. लाल झगा, केसांत पिसं. तिने त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. मारामारीच्या वेळी त्याच्या डावीकडे, बारच्या टोकाला तिची जागा होती.

पहिल्या टेकला रोअर्क बुटासाठी थांबला नाही. मूठ सरळ एमेटच्या गालफडावर बसली. हाडावर हाड आपटल्याचा आवाज झाला. एमेट टेबलावरून पलीकडे गेला, पण पडला मात्र ठरल्या जागी, ठरल्या पद्धतीने. हलोरनसाहेब "कट" म्हणेपर्यंत मेल्यासारखा पडून राहिला. मग उठला आणि जमिनीवर पसरलेल्या भुशात दात थुंकला.

मी रोअर्कची कॉलर धरली. "बूट ऐकू आला नाही का रे खाटका? आणि ती अंगठी काढ बोटातली!"

"अंगठी माझ्या आजोबांची आहे. आणि बुटाची वाट बघत बसलो की खोटं दिसतं, मास्तर. आता बघा, कसं खरं वाटलं."

"वाटलं," हलोरनसाहेब म्हणाले. "सुंदर. अजून एक घेऊ."

दुसऱ्या टेकला ओठ फाटला. रक्त हनुवटीवरून शर्टात उतरलं. मी हात झटकले, म्हटलं मी चाललो, माझ्याशिवाय घ्या मारामारी. तेवढ्यात एमेट दूरच्या भिंतीपासून ओरडला, "जाशील तेव्हा जा रूफस, पण आधी दुकान बंद कर!"

मी खाली बघितलं. पॅंटची बटणं उघडी होती. सगळे खो खो हसले, दिवेवाले तर शिडीवरून पडायचे बाकी राहिले. माझा राग तिथेच विरला आणि मी बटणं लावली. तेवढ्या लांबून त्याला ते दिसलं होतं, एका डोळ्याने, तोंडात रक्त भरलेलं असताना.

तिसरा टेक. रोअर्कला आता चव लागली होती. त्याने एमेटला बारवर आपटलं, पोटात गुडघा घातला, केस धरून उभा केला. हे सगळं ठरल्याप्रमाणे होतं, फक्त जोर दुप्पट. शेवटचा ठोसा राहिला होता. एमेट दोन्ही हात तोंडासमोर धरून डुलत उभा होता, मेलेल्या डोळ्याच्या बाजूला काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता. त्याचा बूट अजून जमिनीवरच होता आणि रोअर्कचा हात खांद्यामागे गेला. मी बघितलं. अर्माने माझ्याआधी बघितलं.

"कट!" ती किंचाळली.

आमच्याकडे हा शब्द एकाच तोंडाने उच्चारायचा असतो. आग लागली तरी दुसरा कुणी उच्चारत नाही, कारण तो ऐकला की आमची शरीरं आमची राहत नाहीत. कॅमेरावाल्याने कॅमेरा थांबवला. मारामारीतले सगळे होते तिथे सैल झाले. एमेटने दोन्ही हात खाली टाकले. आणि बायकोचा आवाज डावीकडून आला म्हणून, ज्याला त्या बाजूचं दिसत नाही तो माणूस जसा वळतो, तसा अख्खा चेहरा डावीकडे वळवून तिच्याकडे बघायला गेला. रोअर्कची मूठ निघाली होती. ती अंगठीसकट त्याच्या उजव्या डोळ्यात घुसली.

या वेळी तो ठरल्या पद्धतीने पडला नाही. हात तोंडाकडे नेत गुडघ्यांवर बसला आणि बोटांमधून जे आलं ते नुसतं रक्त नव्हतं. मी रोअर्कला जमिनीवर पाडून त्याच्या सुंदर गालावर किती ठोसे मारले मला आठवत नाही. चार माणसांनी मला ओढून काढलं. बूट वाजायची वाट मीही बघितली नाही.

इस्पितळातून एमेट घरी आला तो दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या घेऊन. पुढे पट्ट्या निघाल्या, फरक काहीच पडला नाही. मी रोज संध्याकाळी जायचो. अर्मा स्वयंपाक करायची, त्याला भरवायची, बोलायची मात्र नाही. तिच्या तोंडावर निळे डाग दिसायला लागले. ओठ सुजलेला. विचारलं तर म्हणायची, कपाटाचं दार लागलं.

एकदा ती दुकानात गेली असताना एमेटने माझं मनगट धरलं.

"रूफस, ती न्हाणीघरात जाते, नळ सोडते आणि स्वतःच्या तोंडात मारते. मुठीने. मला नळाच्या आवाजातूनही ऐकू येतं. ठोशाचा आवाज मला तू शिकवतोस काय? दार ठोठावलं की थांबते, दुसऱ्या दिवशी परत. मरेल ती अशानं."

मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"मी तिला सांगणार आहे," तो म्हणाला, "की डोळा दुसऱ्या टेकलाच गेला होता. तिसऱ्याला मला काही दिसत नव्हतं. हात दमून खाली पडले, कट मला ऐकूसुद्धा आला नाही. ती ओरडली नसती तरी हेच झालं असतं."

"गाढवा, दुसऱ्या टेकनंतर तुला माझी बटणं दिसली!"

"बटणं दिवेवाल्याने मला सांगितली. तसंच सांगायचं. ती मला विचारणार नाही, मी थापाड्या आहे हे तिला माहीत आहे. तुला विचारेल. दादा खोटं बोलत नाही असं तिला वाटतं. तू फक्त हो म्हण. म्हण, एमेटने टेकच्या आधी कानात सांगितलं होतं मला."

मी हो म्हणालो. त्यातून पुढे काय निघेल ते माझ्या डोक्यात आलं नाही. आयुष्यभर मारामाऱ्या रचल्या, पण हा ठोसा कुठून येणार ते मला दिसलं नाही. एमेटला दिसलं असणार. तो माझ्याहून हुशार होता.

अर्मा आली. एमेटने तिला समोर बसवलं आणि सांगितलं. मी त्याला इतकी वर्षं बघत आलो, पण असं काम त्याने कधी केलं नव्हतं. मध्ये थांबला, चिडला, लाज वाटल्यासारखं हसला, "मला म्हातारा म्हणून काढून टाकतील म्हणून बोललो नाही गं" म्हणाला. मलाच क्षणभर वाटलं, असंच झालं असेल.

अर्मा हळूहळू माझ्याकडे वळली. "दादा? खरंय हे?"

"हो," मी म्हणालो. "त्याने मला सांगितलं होतं. टेकच्या आधी."

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. कित्येक दिवसांनी तिने पूर्ण श्वास घेतला. मग तिचे डोळे बारीक झाले.

"म्हणजे तुला माहीत होतं," ती म्हणाली. "त्याला काही दिसत नव्हतं हे तुला माहीत होतं. आणि तू त्याला त्या खाटकासमोर उभा केलास?"

मी एमेटकडे बघितलं. तो आढ्याकडे तोंड करून बसला होता.

"बोल ना दादा!"

"सिनेमा पूर्ण व्हायचा होता," मी म्हणालो.

तिने मारलं. थप्पड नाही, मूठ, खांद्यापासून, सगळं अंग घालून. मला ती येताना दिसली, मान झटकून चुकवायला भरपूर वेळ होता. मी हललो नाही. पुढचा दात घशात गेला. दुसरी मारली, तिसरी मारली. मी भिंतीला टेकलो तरी ती मारत होती आणि रडत होती, "माझ्या घरात पाय ठेवू नकोस! मेलास तू मला!"

"चालता हो, रूफस," एमेट त्याच्या पडद्यावरच्या आवाजात गरजला. भिंत चाचपत आला, मला दारापर्यंत रेटत नेलं आणि बाहेर ढकललं. ढकलताना माझा शर्ट त्याच्या मुठीत होता. अर्मा मागे होती, तिला त्याची फक्त पाठ दिसत होती. ती मूठ सोडायला त्याला फार वेळ लागला. मग त्याने दार लावलं.