सोफेवाल्याचा चौपेडी दोर

जमादार नावाच्या कुत्र्याने त्या वर्षी पाच दोर तोडले. सहावा तोडला नाही, कारण दुसऱ्या टोकाला खुद्द सोफेवालाच होता आणि तो सुटला नाही. बेकरीच्या कोपऱ्यापासून टपालपेटीपर्यंत जमादाराने त्याला असं फरफटत नेलं, की पत्रं काढणाऱ्या पोस्टमनने तिकीट चिकटवून त्याला पिशवीत टाकायचंच काय ते बाकी ठेवलं. खोटं वाटत असेल तर पोस्टमनला विचारा. तो अजून सांगत फिरतो.

खांदा सुजला. दोन गल्ल्या सोडून राहणारी थोरली लेक धावत आली. ती रुग्णालयात रात्रपाळीची नर्स, त्यामुळे तिचे डोळे कायम अर्धे मिटलेले आणि बोलणं कायम अर्धं उरकलेलं.

"बाबा, रविवारी कुत्रा नेते. नणंदेच्या गोदामावर राखणीला हवाच आहे."

"तिथे साखळीला बांधतील त्याला. जन्मभर."

"आणि इथे तो तुम्हाला बांधून फिरवतो."

सोफेवाल्याने सुजलेला खांदा चोळला. भांडायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. मग म्हणाला, "मी दोर विणतो. रविवारी तुझ्यासमोर बेकरीपर्यंत नेऊन आणतो. पडलो, तर ने."

"ठरलं," म्हणून ती जांभई देतच जिना उतरली.

शनिवारी सकाळी त्याने सोफ्याच्या कडेला भरायची सुती दोरी काढली. पाच हात गोफाला प्रत्येक पेड आठ हात लागतो, कारण वीण दोरी खाते. आठ-आठ हातांचे चार पेड कापून त्याने दाराच्या कडीला अडकवले. उजवीकडचा बाहेरचा पेड दोघांच्या मागून न्यायचा, एकावरून परत आणायचा. मग डावीकडचा तसाच. प्रत्येक फेऱ्याला तो पाय चौकटीला लावून ओढायचा. चाळीस वर्षांत त्याने एकच मंत्र पाळला होता: ढिलं काम म्हणजे मेलेलं काम. त्याच्या सोफ्याचं कापड इतकं ताठ असायचं, की एका घरी बघायला आलेला मुलगा बसल्या बसल्या उडाला तो थेट होणाऱ्या सासऱ्याच्या मांडीवर. लग्न मोडलं. पण सोफा अजून तसाच आहे.

दुपारी गोफ तयार झाला. कडीवरून काढला तर खाली लोंबेचना. कोपऱ्यात ठेवला, तर छत्रीसारखा टेकून उभा राहिला. जमादाराने त्याला एकदा हुंगलं आणि मालकाकडे असं पाहिलं, जणू आता मार बसणार.

"अहो, हा दोर आहे की सोटा?" बायकोने विचारलं.

"मजबूत आहे."

"मजबूत तर हा खांबही आहे. गळ्यात घालून फिरा! कुत्र्याने हिसका दिला की तो सगळा तुमच्या खांद्यातच येणार. मध्ये कुठे जिरायला नको?"

हे चाळीस वर्षांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे बायकोनेच सांगितलं असणार, पण सोफ्याबद्दल.

त्याने दाभण घेतलं आणि सकाळभराचं काम फेऱ्याफेऱ्याने उकलायला बसला. चार वाजले. बोटं सोलवटली, खांदा ठणकत होता. पुन्हा पहिल्यापासून विणताना त्याला ओढवेचना. पाय चौकटीला लावायचा तर पायच उचलेना. पेड हातात येत होते तसे तो नुसते एकमेकांवर ठेवत गेला, आणि मध्येच डुलकी लागली तरी बोटं चालूच राहिली. शेवटी पितळी हूक बसवून, मुठीसाठी फास करून त्याने मेणाच्या दोऱ्याने टोक बांधलं. दोर हातातून मांजरासारखा ओघळला. आयुष्यात इतकं ढिलं काम त्याने केलं नव्हतं. ते पाहून त्याला लाजच वाटली, पण लाजेने जागं राहण्याइतकीही ताकद नव्हती.

रविवारी सकाळी थोरली ड्युटीवरून तशीच आली, पांढऱ्या बुटांत. "चला," एवढंच म्हणाली.

बेकरीपाशी जमादाराला सायकल दिसली आणि त्याने झेप घेतली. दोर लांबला, बारीक झाला, कण्हल्यासारखा कुरकुरला. आणि हिसका मुठीपर्यंत पोचेस्तोवर त्याचा नुसता एक ठोका उरला. सोफेवाला उभाच होता. जमादार मागे वळून बघायला लागला, की एवढं ओढून म्हातारा आला कसा नाही!

पण परत फिरायच्या आत सोफेवाला खाली आला. पडला नाही, बेकरीच्या पायरीवर बसला, एवढंच. दोर टिकला होता, माणूस संपला होता.

"न पडता पोचलो," तो म्हणाला. "परत नेणं मात्र होत नाही, पोरी. ठरलं ते ठरलं. ने त्याला."

थोरलीने दोर घेतला. जमादाराने लगेच ओढलं आणि ती चार पावलं पुढे गेली. थांबली. पुन्हा ओढलं, पुन्हा गेली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी विचित्र चाललं होतं.

"काय गं?"

"रात्रभर मी ढकलते, बाबा. खाटा, खुर्च्या, नाही म्हणणारी माणसं. आज कितीतरी दिवसांनी मला कुणी ओढतंय. पाय उचलायचेही कष्ट नाहीत."

"खांदा?"

"काही कळतच नाही." तिने डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच दहा पावलं चालली. "नणंदेला सांगते, दुसरा बघ. माझी ड्युटी सातला सुटते. रोज येईन. तुम्ही फक्त त्याला दारात उभं करा."

"आणि मी?"

"तुम्ही झोपा. कुणीतरी झोपायला हवं ना घरात."

जमादार तिला घेऊन कोपऱ्यावरून वळला. सोफेवाल्याने पायरीशेजारच्या भिंतीला डोकं टेकलं. बेकरीवाला आतून ओरडला, "काका, गिऱ्हाइकाला वाट द्या!"

काका केव्हाच घोरत होते.