आंब्यावरचं बाशिंग

चैत्र सरत आला आणि कालव्याकडून कोरडा वारा सुटला, की विलासच्या दारातला आंबा खडखडू लागायचा. तो आवाज आंब्याच्या पानांचा नसे. खोडाच्या बेचक्यात एक नेचा बसला होता. त्याची तपकिरी, कागदासारखी पानं एकमेकांवर घासायची, आणि कुणीतरी जुनी घडी पुन्हा पुन्हा उलगडून पाहतं आहे असं वाटायचं. त्या आवाजाखाली सावित्राआक्का बसलेल्या असायच्या. त्यांचा स्वतःचा मात्र कसलाच आवाज नसे. बांगड्या गेल्यापासून त्यांचे हात मुके झाले होते. भांडंसुद्धा त्या अशा हळू ठेवायच्या, जणू आपण घरात आहोत हे घराला कळलं तर पंचाईत होईल.

आक्का म्हणजे विलासची आत्या. वडगाव निंबाळकरच्या या घरातून त्यांना भोरच्या वरच्या अंगाला, पावसाच्या गावात दिलं होतं. तिथून त्या लवकरच, विशीतच, पांढऱ्या कपाळाने परत आल्या. सामानात ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एक केसाळ, मांजराच्या पंजासारखा कंद होता. घाटाकडची माणसं या नेच्याला बाशिंग म्हणतात. लग्नानंतरच्या श्रावणात तो दाखवून नवरा म्हणाला होता, "आमच्याकडं झाडंबी नवरदेव असत्यात." नवऱ्याविषयी आक्कांनी मला सांगितलेलं हे एवढंच. भावाने, म्हणजे विलासच्या वडिलांनी, तो कंद सुतळीने आंब्याला बांधून दिला. मी शेजारी, तो एकच उन्हाळा काढेल असं मी मनातल्या मनात धरलं होतं. आमच्या मुलखात पाणी असतं ते कालव्यात आणि भाषणांत, हवेत नसतं. पण झाडाखालून कालव्याच्या पाण्याची चारी जात होती, तिची ओल होती, आणि धुण्याचं शेवटचं स्वच्छ पाणी आक्का रोज त्या बेचक्यात फेकायच्या. नेचा जगला. भाऊ गेला, नेचा पसरला.

त्याची पानं दोन जातींची. काही लांब, हिरवी. पावसाळ्यात ती मिरवतात आणि उन्हाळ्यात गळून नुसत्या शिरा उरतात, भिगवणच्या खानावळीत ताटात राहिलेल्या मासळीच्या काट्यासारख्या. दुसरी आखूड, रुंद, खोडाला चिकटलेली. ती लवकर तपकिरी होतात, पण गळत नाहीत. त्यांचं काम एकच: वरून पडणारं धरून ठेवायचं. आंब्याचं वाळकं पान, धूळ, पाखरांची विष्ठा, मुंग्यांनी आणलेली माती. ते सगळं तिथेच कुजतं, आणि त्या ओंजळभर कुजण्यावर नेचा जगतो. झाडाच्या आत त्याचं मूळ शिरत नाही. झाडाकडून त्याला हवी असते ती फक्त टेकायला जागा. त्याला फूल नाही, बी नाही. पानाच्या पाठीवर ठिपक्यांच्या रांगा, त्यांतून उडणारी तपकिरी धूळ. तिला रुजायला ओलं खोड लागतं. आक्का दर पावसाळ्यानंतर आसपासची झाडं निरखायच्या. कुठेच काही उगवलेलं नसे. ती धूळ आमच्या उसात पडायची आणि संपायची.

विलासला नेचा खुपायचा. आंबा कमी लागला की बोलणं व्हायचंच.

"आत्ती, बांडगूळ हाय त्ये. झाडाचं रगत पितंय."

"आरं, आत मूळ गेलंय का बघ तरी. खाली पडायचा पाला खातंय त्ये. तुझं काय घेतंय?"

मग विलासची बायको आतून, कुणाला उद्देशून नाही अशा सुरात म्हणायची, "एक झाडावर, एक घरात. पोसा."

 दुसऱ्या दिवशी आक्का थोडं कमी जेवायच्या.

मग विलासच्या मुलाचं लग्न निघालं. वेशीवर फ्लेक्स लागला. त्यात पुढाऱ्यांचे चेहरे एवढे मोठे, की नवरदेव कोणता हे शोधावं लागे. हळदीचा मांडव आंब्याखाली घातला, ड्रोन ठरवला. हळदीच्या दिवशी विधवेने मांडवात येऊ नये हा नियम त्या घरात कुणी सांगत नाही आणि कुणी विसरत नाही. आक्का सकाळपासून मागच्या खोलीत तांदूळ निवडत बसल्या. डीजे अजून लागायचा होता. वाऱ्यावर खडखड चालू होती.

ती थांबली. तेवढ्यावरून त्यांना कळलं.

त्या बाहेर आल्या तेव्हा मांडववाला कोयता घेऊन फांदीवरून उतरत होता, बेचकं खरवडून पांढरं पडलं होतं, आणि नेचा भरून ट्रॉली शेताकडे गेली होती.

"काय केलंस रं, विलास?"

"वाळल्यालं व्हतं, आत्ती. ड्रोनमधी घाण दिसलं असतं."

"वाळलं न्हवतं. पावसाची वाट बघत व्हतं."

हळदीची वाटी हातात घेऊन विलासची बायको म्हणाली, "आजच्या दिवस तरी आत बसा की, आत्याबाई."

आक्का आत गेल्या नाहीत. पिवळ्या साड्यांमधून, सगळ्यांच्या देखत, त्या सरळ मांडव ओलांडून शेतात गेल्या. मी मागोमाग गेलो. तुटलेल्या उसाचं पाचट पेटवलेलं होतं आणि ट्रॉली त्यातच उपडी केली होती. कडेला कंदाचा एक तुकडा मिळाला, एका अंगाने होरपळलेला. परत आलो तेव्हा बारामतीहून नवरदेवाचं बाशिंग आलं होतं, प्लास्टिकच्या मोत्यांचं. ते मात्र कुणीतरी जपून कपाटावर ठेवलं.

तो तुकडा आक्कांनी लुगड्याच्या चिंधीने बेचक्यात बांधला. रोज पाणी फेकलं. पावसाळ्यात एक हिरवी जीभ बाहेर आली, बोटभर. पण पाला धरायला तपकिरी पानं नव्हती, मुळाशी माती नव्हती. दसऱ्यापर्यंत ती जीभही काळी पडली. झाडाच्या आत शिरून रस ओढायची विद्या त्याला असती, म्हणजे ते खरोखरच बांडगूळ असतं, तर जगलं असतं.

आक्कांचं जेवण तेव्हापासून आणखी उतरलं. विचारलं की "भूक न्हाय," एवढंच. थंडीत त्या गेल्या. दहाव्याला आंब्याखाली बसून विलास मला म्हणाला, "झाड मोकळं झालं बघा आता." माघात मोहोर आला, नेहमीइतकाच.

चिंधी अजून तिथेच आहे. चैत्रात वारा सुटतो आणि आंबा जुनी पानं गाळतो. ती त्या बेचक्यात क्षणभर टेकतात आणि घसरून खाली येतात. काळ असाच गळत असतो, आवाज न करता. तो मधेच अडवून, कुजवून, त्यावर काही हिरवं राखणारं कुणी तिथं होतं, हे आता फक्त खडखड थांबल्यानंतरच्या त्या शांततेवरून कळतं.