उष्टे टायर

आमचे हे साधा टूथब्रश घ्यायचा तरी चार दुकानं पालथी घालतात. त्यामुळे गाडीचे टायर बदलायची वेळ आली तेव्हा मी मनाची तयारी करूनच बसले होते. गाडी मोठी, उंच. मागच्या सीटा पाडल्या की पडद्यांचे तागे, रॉड, शिडी सगळं पोटात घेते. आमचं पडद्यांचं दुकान आहे आणि रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी माप घ्यायला नाहीतर पडदे लावायला जावंच लागतं, म्हणजे गाडीला सुट्टी अशी नाहीच.

पूर्वी हे चालवायचे आणि मी शेजारी बसून फोनवर गिऱ्हाइकं सांभाळायची. मग यांना फिटचे झटके आले. एक घरात आला आणि एक गिऱ्हाइकाच्या हॉलमध्ये, शिडीवर असताना. नशीब, दुसऱ्याच पायरीवर होते. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि स्पष्ट सांगितलं की सलग दोन वर्षं एकही झटका आला नाही तरच स्टिअरिंगला हात लावायचा. मधे एक जरी आला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

शिडी सुटल्याचं यांना फारसं वाटलं नाही. शिडीवर चढायला त्यांना एरवीही कंटाळाच होता. गाडी सुटल्याचं मात्र वाटलं. चावी माझ्या हातात ठेवताना तोंड असं केलं होतं की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस किडनी काढून देतोय. मी पन्नाशीला टेकल्यावर गाडी शिकले. आता हे शेजारी बसतात, आणि मी ब्रेक दाबायच्या आधी यांचा पाय खाली दाबला जातो. त्यांच्या बाजूची रबरी चटई टाचेखाली झिजून पांढरी पडलीय. माझ्या बाजूची अजून नव्यासारखी दिसते.

टायरचा विषय निघाला तो शाळेजवळच्या चौकात. पाऊस पडून गेलेला, रस्ता चकचकीत. पुढच्या रिक्षाने अचानक दम घेतला, मी ब्रेक मारला आणि गाडी थांबायचं सोडून सरकत गेली. रिक्षाच्या आणि आमच्या मधे फार तर हातभर जागा उरली. शेजारच्या चटईवर धाडकन आवाज झाला तो वेगळाच.

"टायर गेलेत," घरी आल्यावर हे खाली वाकून म्हणाले. खाचा जवळजवळ सपाट झाल्या होत्या. त्या दिवसापासून यांचा अभ्यास सुरू. मोबाइलवर तासन्‌तास माणसं टायर दाबून दाखवतायत आणि हे बघतायत. जेवताना रबर, झोपताना रबर. शेवटी निष्कर्ष निघाला की टायर दोन प्रकारचे. एक कडक रबराचे, चार वर्षं हलत नाहीत, पण ओल्या रस्त्यावर पकड जेमतेम. दुसरे मऊ, रस्ता सोडत नाहीत, पण आमच्या रोजच्या पळापळीत दोन वर्षांत संपतील.

मला हे कळायला अभ्यास लागला नाही. पडद्यांचंही तसंच असतं. जे कापड वर्षानुवर्षं विटत नाही ते खिडकीत पुठ्ठ्यासारखं उभं राहतं आणि जे छान पडतं ते लवकर जातं. गिऱ्हाइकाला दोन्ही हवं असतं, आणि दोन्ही एकाच ताग्यात मिळत नाही.

"मऊवालेच घेऊ," हे म्हणाले. "तू चालवतेस. पकड महत्त्वाची."

इतक्या लवकर निर्णय झालेला पाहून मला धक्काच बसला. मी लगेच हो म्हटलं. पण दुकानवाल्याकडे आमच्या मापाचे नव्हते, मागवावे लागणार होते, आणि त्या मधल्या दिवसांत ती दुपार आली.

दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथे आम्ही तागे ठेवतो, तिथे एक दिवाण आहे. जेवण झालं की हे तिथे आडवे होतात. मी टेबलाशी अस्तर कापत होते. मागून लाकूड खडखडल्यासारखा आवाज आला. वळून बघते तर मान वाकडी, दात आवळलेले, सगळं अंग थाडथाड उडतंय. मी धावत जाऊन त्यांना कुशीवर वळवलं, अस्तराची घडी डोक्याखाली सरकवली आणि त्यांच्या दंडावर हात ठेवून बसून राहिले. थोड्या वेळाने थांबलं. मग त्यांना गाढ झोप लागली. अस्तरावर थेंबभर रक्त होतं, ते मी धुऊन मागच्या दोरीवर टाकलं.

उठल्यावर हे म्हणाले, "फारच झोप लागली गं."

"लागणारच. कालपासून दमलायत," मी म्हटलं.

मी सांगितलं नाही. यांचं सव्वा वर्ष पार पडलं होतं, आणखी नऊ महिने काढले की झालं. ते सव्वा वर्ष माझ्या तोंडून एका वाक्यात पुसून टाकायची मला हिंमत झाली नाही. माझ्या तोंडाला कधी कुलूप नसतं, सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्या दुपारी बसलं. डॉक्टरांना तरी कळवायला हवं होतं, तेही उद्या करू, परवा करू करत राहिलं. हे पुढचे दोन दिवस तिखट नको म्हणाले, पोट बिघडलंय म्हणाले. मी मऊ भात करून घातला.

आणि त्याच आठवड्यात यांचा काटा फिरला.

"मऊवाले नकोत. टिकाऊच घेऊ या."

"अहो, तुम्हीच तर म्हणालात पकड महत्त्वाची!"

"विचार केला मी. टायर टिकायला पाहिजेत."

मी समजावलं, चिडले, चौकाची आठवण करून दिली. यांचं एकच पालुपद, टायर टिकायला पाहिजेत. एवढी वर्षं संसार करून या माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते कळत नाही, या विचारानेच माझं डोकं उठलं.

तीन-साडेतीन आठवड्यांनी टायर आल्याचा फोन आला तोवर भांडण मिटलेलं नव्हतं. तसंच घेऊन आम्ही दुकानात गेलो. टायरवाला चष्मा कपाळावर ठेवून वावरणारा, गोड बोलणारा माणूस. जमीन काळीकुट्ट, कोपऱ्यात हवेचं मशीन फुसफुसतंय, भिंतीला टायरांच्या चळती. आम्ही दोघं काही बोलायच्या आत त्याच्या माणसाने गाडी उचलून चारी चाकं काढलीसुद्धा. आमची एवढी थोरली गाडी बिनपायांची अधांतरी उभी राहिली.

"साहेब, तुम्ही मागवलेला मऊ हा. आणि कडक पाहिजे तर तोही आहे माझ्याकडे, तुमच्या मापात," टायरवाला यांच्याकडे बघूनच बोलत होता. "हा चाळीस हजार किलोमीटर जाईल, तो ऐंशी. माल दोन्ही एक नंबर."

"ऐंशीवाला," हे म्हणाले.

"चाळीसवाला," मी म्हटलं.

टायरवाल्याने चष्मा डोळ्यांवर घेतला.

"अगं, ऐक जरा—"

"नाही ऐकणार. पावसात सरकली तेव्हा स्टिअरिंग माझ्या हातात होतं. गाडी चालवतं कोण? मी की तुम्ही?"

पाना फिरवणाऱ्या माणसाचा हात थांबला. हवेच्या मशीनलाही नेमकं तेव्हाच बंद पडायचं सुचलं.  हातातला कडक टायरचा कागद यांनी नीट घडी करून टायरवाल्याला परत दिला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. जे या माणसाला रोज सकाळी मी चावी खुंटीवरून काढते तेव्हा बोचतं, तेच मी चार परक्यांसमोर काढलं होतं. आणि यांची चालवायची पाळी अजून किती लांब गेलीय हे फक्त मला माहीत होतं. त्या क्षणी मला हे ओझं एकटीने उचलणं नकोसं झालं.

मी बाहेर जाऊन शेजारी बसले. "चुकलं माझं."

"चुकलं काय त्यात? खरं तेच बोललीस." हे समोरच्या रस्त्याकडे बघत होते. "तूच चालवतेस. आणि अजून दोन वर्षं तूच चालवणार."

"दोन कुठली? नऊच महिने—" मी सवयीने बोलून गेले आणि माझा मलाच आवाज खोटा वाटला.

"अगं," हे हळू आवाजात म्हणाले, "जीभ माझी चावली गेली होती."

 रस्त्यावरून दोन-तीन गाड्या गेल्या.

"उठलो तर जीभ फुटलेली. मागे हात धुवायला गेलो तर दोरीवर अस्तर वाळत घातलेलं. न शिवलेलं अस्तर तू कधी धुतेस? म्हटलं, हिने एवढं धुऊन टाकलंय तर राहू दे."

"आणि पोट बिघडलं होतं ते?"

"तिखट झोंबायचं."

मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आले की मी रागावते. "कमाल करता! एवढं होऊन गप्प बसलात? डॉक्टरांना सांगायला नको? गोळी वाढवायची असेल, बदलायची असेल!"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

 आम्ही दोघं दोन चोरांसारखे त्या बाकावर बसून राहिलो. आत टायरवाला आपल्या माणसाला, "थांब रे, त्यांचं काही ठरत नाहीये," असं सांगत होता.

"म्हणून टिकाऊ पाहिजेत?" मी शेवटी विचारलं.

"हिशेब सोपा आहे. नऊ महिन्यांचं होतं तेव्हा मऊ चालले असते, वर्षभराचे तरी माझ्या वाट्याला उरले असते. आता पुरी दोन वर्षं. तोवर मऊ संपतात. कडक घेतले तर माझी पाळी येईल तेव्हा निम्मे तरी शिल्लक." मग कान लाल करून म्हणाले, "वेडेपणा आहे, मला कळतं. तू सरकलीस तर काय करायचेत ते टायर? जा, मऊच घालायला सांग."

हा माणूस महिनाभर मोबाइलवर रबर बघत बसला होता, आणि मला वाटत होतं याला चिक्कूपणाची लहर आलीय.

"मऊच घालायचे," मी म्हटलं. "पण तुम्ही म्हणता म्हणून नाही. इतक्या दिवसांनी गाडी हातात येणार आणि तुम्ही काय माझे उष्टे टायर चालवणार? हे मी घासूनपुसून संपवते. तुमची पाळी येईल तेव्हा चारी कोरे करकरीत घेऊ. तुम्ही निवडायचे. मी दुकानातसुद्धा येणार नाही."

"आणि मधे परत आला तर?"

"तर मी अजून एक जोड संपवीन."

 हे उठले, आत गेले आणि टायरवाल्याला म्हणाले, "मऊ. आणि बनवल्याची तारीख दाखवा आधी. जुना माल नकोय." टायरवाल्याने चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. पाठोपाठ मशीन सुरू झालं.

पहिलं चाक बसत होतं तेव्हा यांनी खिशातून फोन काढला आणि दवाखान्याचा नंबर लावला. मशीनचा आवाज फार होता, म्हणून ते दाराशी येऊन मोठ्याने बोलत होते. लपवालपवी संपली होती.

"हो, झटका आला होता. महिना होत आला... हो, उशीरच झाला कळवायला, चूक झाली... किती वेळ? ते मला नाही सांगता येणार, मी झोपेत होतो." त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "थांबा, हिला विचारा. ही होती तिथे."