दाराशी उभी जोआना

मी एक जुनी चाचणी आहे. मित्रांनो, मला हात लावून पाहता येणार नाही. मी संगणकाच्या प्रोग्राममधल्या जेमतेम वीस ओळींची आहे. पापडी गावातल्या एका दवाखान्याच्या वेबसाइटमध्ये राहते. कुणाला काय पाहायची परवानगी आहे आणि ती पाळली जाते की नाही, एवढंच मी तपासते. पाळली गेली तर हिरवी होते, नाही तर लाल. मी लाल असेपर्यंत नवा बदल दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही.

मला ही वेबसाइट सांभाळणाऱ्या वॉल्टर यांनी लिहिलं, उमेळे गावातल्या घरी, खिडकीबाहेर केळीची पानं हलत असताना. माझ्यासाठी त्यांनी दोन खोटी माणसं केली: आपल्याच नावाचा, वॉल्टर नावाचा रुग्ण आणि त्याची मुलगी जोआना. त्यांची खरी मुलगी जोआना तेव्हा दहा वर्षांची होती.

एरवी मी झोपलेली असते. कुणी प्रोग्राम बदलला की क्षणभर जागी होते. तेवढ्यात एक दवाखाना उभा राहतो. आत वॉल्टर बसतात, बाहेर जोआना येते. तिला भेटीची वेळ दिसते. मग ती डॉक्टरांच्या नोंदीचं दार ठोठावते. दार उघडत नाही. मी हिरवी होते आणि सारं धुक्यासारखं विरून जातं.

"माझी सगळ्यात शहाणी पोर," वॉल्टर माझ्याबद्दल म्हणायचे.

"आणि मी?" जोआना विचारायची.

"तू सगळ्यात बडबडी."

वर्षं गेली. वॉल्टर आजारी पडले, घरी फारसं न सांगता याच दवाखान्यात उपचार घेत राहिले, आणि यंदा ईस्टरनंतर गेले. वेबसाइट जोआनाकडे आली. एका दुपारी तिने नवी ओळ घातली: नातेवाइकांना डॉक्टरांची नोंद दिसावी. पप्पांना आजार कधी कळला, आपल्याला का सांगितलं नाही, एवढंच तिला वाचायचं होतं.

मी जागी झाले. जोआनाने ठोठावलं आणि पहिल्यांदाच दार उघडलं. मी लाल झाले.

फोनवर तिचा सहकारी सिद्धेश होता. "अगं, उडव ना ती टेस्ट. कोण बघणारे?"

"पप्पांनी लिहिलीय रे."

"मग वाच तरी एकदा. म्हातारी का अडून बसलीय ते कळेल."

तिने मला उघडलं. माझ्या शेवटी वॉल्टर यांची एक ओळ होती, यंत्र सोडून देतं आणि माणूसच वाचतो तशी: 'जोआनाला जाणून घ्यायचं असेल तर ती मला विचारेल. मी सांगेन.'

"दिवाळीत म्हणाले होते," ती हळूच म्हणाली, "बस गं जरा, बोलायचंय. मी म्हटलं, मीटिंग आहे."



तिने आपली नवी ओळ पुसली. वॉल्टर यांच्या ओळीखाली लिहिलं: 'विचारायचं राहिलं.' मग मला चालवलं. मी हिरवी झाले.

मित्रांनो, एखादं दार उघडत नसेल तर ते तोडण्याआधी कुणी आणि का लावलंय ते पाहा. आणि ज्याला विचारायचं, त्याला तो समोर असतानाच विचारा.

जोआना आता काही बदललं नसतानाही मला रोज एकदा चालवते. त्या क्षणापुरते वॉल्टर आत बसलेले असतात, आणि दहा वर्षांची जोआना दाराबाहेर उभी असते.