चारुशीलाबाईंच्या आवाजाची सीडी

कमलाकांतकाका माझ्या संगणक दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढताना दिसले की मी कपाळाला हात लावते. माणूस वाईट नाही, पण वकिली सोडली तरी उलटतपासणी सुटलेली नाही. त्या दिवशी त्यांनी पोरानं पुण्याहून धाडलेला लॅपटॉप आणि एक सीडी टेबलावर ठेवली.

"दीक्षा, जुन्या डब्ब्यावर ही झकास चालत होती. याच्यावर कोरीच दिसून राहिली. सांग, काहून?"

ती सीडी मला ठाऊक होती. त्यांच्या बायकोच्या, चारुशीलाबाईंच्या, सेवापूर्तीच्या कार्यक्रमाची. प्राथमिक शाळेतल्या बाई. भाषणात त्यांनी हेडमास्तरांपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांची फिरकी घेतली होती. "आमच्या यांना चहाचं भांडं कुठं असतं तेही अजून माहीत नाही!" यावर अख्खं सभागृह हसलं होतं. दोन वर्षांपूर्वी घशाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये बाईंचा आवाज कायमचा गेला. तेव्हापासून काका रोज सकाळी ती सीडी लावूनच चहा पितात. दुसरी प्रत करून ठेवा म्हणून मी किती वेळा सांगितलं, पण ऐकतील ते काका कसले!

ते गेल्यावर मी कामाला लागले. लॅपटॉपचा सीडी-रायटर बदलला, त्याचा ड्रायव्हर नव्याने टाकला. कोरी सीडी घातली तर लॅपटॉप मुकाट्याने लिहीत होता, वाचतही होता. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीचं एक दुखणं असतं, जुन्या सिस्टीमवर लिहिलेलं नव्या सिस्टीमला कधी कधी दिसतच नाही. म्हणून कोपऱ्यातला जुना विंडोज एक्सपीवाला संगणक झटकून सुरू केला. तिथेही आत काहीच नव्हतं. तेव्हा कुठे माझं लक्ष सीडीच्या नावाकडे गेलं. नावाच्या जागी तारीख होती, मागच्या मंगळवारची.

सीडी फॉरमॅट केली की संगणक आपणहून त्या दिवसाची तारीख टाकतो. काकांकडून चुकून झालं असेल, झटपट पुसलं असेल तर खालचं अजून निघेल, अशी आशा होती. काही निघालं नाही. म्हणजे कुणीतरी 'क्विक फॉरमॅट'समोरची खूण मुद्दाम काढून पाऊण तास ती सीडी पुरती पुसू दिली होती. काकांना सीडी आत ढकलण्यापलीकडे काही येत नाही. ती खूण काढायला शिक्षकांच्या एमएस-सीआयटीच्या वर्गात मीच शिकवलं होतं, आणि पहिल्या बाकावर चारुशीलाबाई होत्या.

माझं डोकंच सणकलं. संध्याकाळी मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरातल्या त्यांच्या घरी गेले. पण बाई समोर आल्या आणि त्यांना उघडं पाडायला जीभ वळेना.

"काका, सीडी खराब झाली. काही निघत नाही," मी सरळ खोटं बोलले.

बाईंनी पाटी ओढली, लिहिलं, 'मीच पुसली.'

काका पाटीकडे पाहतच राहिले. "तू? काहून वं? माह्याजवळ तुहा आवाज तेवढाच होता!"

बाईंनी पुन्हा लिहिलं, 'ती रोज बोलते. तुम्ही तिलाच उत्तरं देता, तिच्यासोबत चहा घेता. मी स्वयंपाकघरात असते.'

माझा राग तिथेच गळाला. काका मटकन खाली बसले आणि रडायला लागले. "आता मी तुहा आवाज इसरून जाईन," एवढंच म्हणत राहिले.

बाई त्यांच्यासमोर बसल्या. पाटी बाजूला ठेवून त्यांनी ओठ हलवले. सावकाश, पहिलीच्या पोरांना शिकवावं तसं. मला पहिल्याच खेपेला कळलं. काका मात्र गोंधळले. दोन वर्षांत ते ओठ त्यांनी कधी वाचलेच नव्हते. डोळे पुसत ते माझ्याकडे वळले.

"दीक्षा, काय म्हणून राहिली थे?"

बाई म्हणत होत्या, 'माझ्याकडे पाहा.'