तेलाचा डाग

वनमालाच्या खोलीत सिनेमाचं शूटिंग ठरलं आणि आदल्या दिवशी तिने खोलीला चुना लावला. पाहुणे येणार म्हटल्यावर आम्ही बायका दुसरं काय करणार? पिवळा बल्ब काढून माझ्या घरची ट्यूबलाइटही तिने तिथे लावून घेतली. घाटकोपरच्या आमच्या चाळीत इतकी उजळ खोली कधी दिसली नव्हती.

तिचा सगळा जीव त्या चुन्यात होता. संपात गिरणी बंद पडली तेव्हा तिचा नवरा गुणाजी मागावर काम बघतो म्हणून सुरतेला गेला. त्याला दोन वर्षं होत आली होती आणि आता निरोपही थांबले होते. वनमालाने आपलं साधंच गणित मांडलं होतं. सिनेमा सुरतेतही लागेल, गुणाजी घर ओळखेल, बायकोने ते किती नीट ठेवलंय बघेल आणि परत येईल. मी तिला वेडी म्हटलं नाही, पण मनात आलं होतं.

सकाळी कॅमेरामन चंद्रप्रकाश आला आणि दारातच थबकला. आधी खोली बघायला आला तेव्हा तो भिंतीवरच्या तेलाच्या डागाकडे टक लावून बघत होता. गुणाजी रोज तिथे डोकं टेकून बसायचा, त्याचा तो डाग. वनमालाला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. म्हणून चुन्याचा पहिला हात तिने त्यावरच मारला होता.

“वहिनी, मला तो डागच हवा होता,” चंद्रप्रकाश म्हणाला.

सिनेमा गिरणी कामगाराच्या घराचा होता. त्याने ट्यूब काढली, बल्ब परत लावला, चुन्यावर चहाचं पाणी फासायला लावलं. मोठे दिवे आणलेच नव्हते, दाराचा उजेड पुरे म्हणाला. घरात वीज असताना माणसाला अंधारात कशाला बसवता, असं मी विचारलंच. तर म्हणे, चारी बाजूंनी उजेड पडला की माणूस साडीच्या दुकानातला पुतळा वाटतो. एकाच बाजूने पडला की त्याच्या मनात काहीतरी आहे हे कळतं. हा शहाणा मला त्या क्षणापासून आवडायला लागला.

मग डाग पुन्हा उमटवायला त्याचा मदतनीस भिंतीला खोबरेल लावायला निघाला. वनमालाने वाटी त्याच्या हातातून काढून घेतली. तळवा तेलात बुडवून तिने भिंतीवर टेकवला आणि नवऱ्याच्या डोक्याला तेल चोळावं तसा हळूहळू फिरवत राहिली. मला तिकडे बघवेना.

नट येऊन बसला, तर त्याचं डोकं डागाच्या वीतभर खाली. डाग खाली घेऊ, असं चंद्रप्रकाश म्हणाला. वनमालाने मान हलवली, आतून जेवणाचा पाट आणला आणि नटाला त्यावर बसवलं. कॅमेऱ्यात पाट येणार नाही इतकं चंद्रप्रकाशने बघितलं. शूटिंग संपल्यावर वनमालाने सगळ्यात आधी तो पाट उचलला.

“तेंका पाट लागना नाय,” ती मला आपल्या मालवणीत म्हणाली. गुणाजी आहेच तेवढा उंच.

भिंत परत रंगवून देतो, असा शूटिंगवाल्यांनी शब्द दिला होता. त्यांच्या शब्दाचं काय घेऊन बसलात! पुन्हा कोणी फिरकलं नाही.

वर्षभराने तो सिनेमा आमच्या टीव्हीवर लागला. नट उठून कामाच्या शोधात जातो. कॅमेरा त्याच्या मागे जाईल असं वाटलं, पण तो हललाच नाही. रिकामी भिंत, दारातून आलेला तिरका उजेड आणि त्यात चमकणारा तेलाचा डाग, बस्स. शेजारच्या राधाला वाटलं, टीव्ही अडकला. वनमाला मात्र हाताची घडी घट्ट आवळून बघत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, की सुरतेतही हे आजच दिसलं असेल ना? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

गणपतीच्या आधी तिने पुन्हा चुना कालवला. हात लावायला मी गेले. त्या भिंतीशी पोचले तसा तिने माझा हात धरला.

“प्रेमा, तेवढो डाग ऱ्हवांदे. ते इले तर डोकां खंय टेकतले?”

मी डागाच्या कडेकडेने चुना लावत गेले.